सिंहस्थाआधीचा हिवाळा

काल संध्याकाळी नागपुरात, आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत तुळशीचं लग्न लागलं. समोरच्या शोभानं वृंदावन गेरूनं रंगवलं होतं, दोन बाजूंना ऊस बांधले होते, आणि पुढ्यात बोरं, आवळे, चिंचा मांडल्या होत्या. मंगलाष्टकं मोबाइलवर लागली होती. शोभा दारात येऊन म्हणाली, "काकू, या न, घरात एकट्या काय बसून राहिल्या?" गेले. अक्षता टाकल्या, चुरमुऱ्यांचा प्रसाद घेतला, तिच्या नातीचं कौतुक केलं आणि घरी येऊन दिवा न लावता बसून राहिले.

दरवर्षी असंच होतं. लोकांना दिवाळी संपली की उदास वाटतं, मला तुळशीचं लग्न लागलं की वाटतं. याचं कारण देवाधर्मात नाही, बास्केटबॉलमध्ये आहे. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. मुलींच्या कॉलेजात माझी सगळी उमर बास्केटबॉल शिकवण्यात गेली, आणि त्या सगळ्या वर्षांत माझा सर्वांत मोठा शत्रू कुठलं दुसरं कॉलेज नव्हतं. तो हा दिवस होता. एकदा तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांना वाट मोकळी होते. आणि आमचे आंतरमहाविद्यालयीन सामने बरोबर त्याच्या मागून, मार्गशीर्षात. ज्या कोणा शहाण्यानं युनिव्हर्सिटीत हे वेळापत्रक ठरवलं होतं, त्याच्या घरी लग्नाची पोरगी नसावी.

जुलैत मी पोरी निवडायची. ऑगस्टभर त्या एकमेकींच्या पायात पाय घालून पडायच्या. सप्टेंबरात कुठे त्यांना कळायचं की चेंडू जवळ ठेवायचा नसतो, द्यायचा असतो. दिवाळीच्या सुट्टीला गावी जाताना त्या टीम झालेल्या असायच्या. आणि सुट्टीहून परत आल्या की होस्टेलच्या पायऱ्यांवर मी उभी राहायची, मोजायला. 

"प्रमिला कुठे आहे?"

"ते नाही आली मॅडम."

"काहून?"

"तिचं जुळलं."

एवढंच. त्यात कोणाला काही वाईट वाटायचं नाही, उलट पोरींचे डोळे चमकायचे. मग मी दात आवळून नवीन पोरगी उभी करायची आणि तिला पहिल्यापासून शिकवायची की दोन्ही हातांनी चेंडू धरून पळायचं नसतं बाई, ही काही पाण्याची घागर नाही.

मी पासष्ट साली नोकरीला लागले. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं की मुलींचं आरोग्य चांगलं राहावं एवढीच अपेक्षा आहे, जिंकण्याबिंकण्याचा आग्रह नको. कोर्ट मुरमाचं होतं. एका बाजूची रिंग वाकलेली, जाळ्या कधी नव्हत्याच. चेंडू कातड्याचा, सकाळच्या दवात भिजला की इतका जड व्हायचा की पोरींची मनगटं सुजायची. कोर्टाच्या चारी बाजूंनी कापडी कनात लावायचा हुकूम होता. मांडववाल्याकडून आणलेली, लग्नातली, लाल-पिवळ्या पट्ट्यांची. सलवार-कमीजवर ओढणी कमरेला गच्च बांधून पोरी त्या कनातीच्या आत खेळायच्या. बाहेरून कोणाला काही दिसायचं नाही, फक्त चेंडूचा धप्पधप्प आवाज आणि माझं ओरडणं रस्त्यापर्यंत जायचं. बाहेरचे लोक म्हणायचे, आत कोणाले मारून राहिले का जी?

पोरी बहुतेक खेड्यांतल्या. रामटेक, पारशिवनी, सावनेर, उमरेड. शेतात वाढलेल्या, वाकून निंदण केलेल्या, डोक्यावर ओझी वाहिलेल्या. त्यांच्या पायात जो दम होता तो शहरातल्या पोरींत शोधून सापडायचा नाही. पण त्यांना वर बघायची सवय नव्हती. रिंग दहा फुटांवर असते. सगळ्यात आधी मी त्यांना मान वर करायला शिकवायची, आणि त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागायचा.

दोन-तीन वर्षं अशी टीम मोडलेली पाहिल्यावर मी एक काम केलं. महालच्या बाजारातून पंचांग विकत आणलं आणि खेळाच्या खोलीत, चेंडूंच्या कपाटाशेजारी खिळ्याला टांगलं. मुहूर्त कोणत्या दिवशी आहेत, दाट कधी आहेत, विरळ कधी, ते बघून मी सराव आखायची. निवड चाचणीला दुसऱ्या कॉलेजांचे कोच पोरींची उंची विचारायचे. मी विचारायची, घरात मोठी बहीण आहे का लग्नाची? आहे म्हणाली की माझा जीव भांड्यात पडायचा, म्हणजे हिचा नंबर अजून लागायचा आहे. स्टाफरूममध्ये माझी खूप थट्टा झाली. संस्कृतच्या बाई म्हणायच्या, "शास्त्रीबुवा, आज कोणता योग?" मी म्हणायची, "आज रिबाउंडचा योग आहे." पण ते पंचांग मी कधी काढलं नाही.

आणि त्या पंचांगातच मला सिंहस्थ सापडला. गुरू सिंह राशीत गेला की आमच्याकडे वर्षभर लग्न लावत नाहीत. बारा वर्षांनी एकदा येतो तो. अडुसष्टच्या आसपास आला होता आणि तेव्हा मी नवीन होते, मला काही कळलं नव्हतं. फक्त एवढं दिसलं की दिवाळीनंतर सगळ्या पोरी परत आल्या. एकही गळली नाही. मी पायऱ्यांवर उभी राहून पुन्हा पुन्हा मोजलं, मला वाटलं माझंच चुकतंय. त्या वर्षी आम्ही कधी नव्हे ते उपांत्य सामन्यापर्यंत गेलो. नंतर कळलं की ही माझी कर्तबगारी नव्हती, गुरूची होती.

माझ्या स्वतःच्या लग्नाचं विचाराल तर, त्याच सिंहस्थात ते राहिलं. घरचे म्हणाले सिंहस्थ उतरला की बघू. तो उतरेपर्यंत मला सकाळी सहाला कोर्टावर जायची इतकी सवय झाली होती की मीच नको म्हणाले. आईनं बोलणं टाकलं होतं काही महिने. जाऊ दे, तो विषय इथला नाही.

तर सत्तरचं दशक सरत आलं तेव्हा मी पुन्हा पंचांगात बोट घालून बघू लागले. पुढचा सिंहस्थ जवळ येत होता. पुढच्या दिवाळीपर्यंत तो लागलेला असणार होता, आणि मधल्या उन्हाळ्यात त्या वर्षी मुहूर्त जवळपास नव्हतेच. म्हणजे हा एक हिवाळा निभावला की पुढचं अख्खं वर्ष आपलं. सगळ्या पोरी शाबूत, शेवटपर्यंत. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोन वर्षांचा विचार करून टीम बांधली.

पण जे मला दिसत होतं ते सगळ्या मुलगीवाल्यांनाही दिसत होतं. सिंहस्थ लागला की पोरगी वर्षभर घरात बसणार, वय वाढणार, म्हणून जो तो त्याच हिवाळ्यात उरकून टाकायच्या मागे लागला. असा लग्नांचा हंगाम मी पुन्हा पाहिला नाही. सकाळच्या धुक्यात आम्ही कोर्टावर पाय आपटत उभ्या असायचो, हात इतके गार की चेंडू लागला की झिणझिण्या यायच्या, आणि तेवढ्या सकाळी रस्त्यावरून बँडवाले जायचे. संध्याकाळी तर एकाच वेळी दोन-दोन वराती. पोरी चेंडू हातात धरून ऐकत राहायच्या. माझ्या अंगाची लाही व्हायची. मी शिट्टी वाजवायची, तर बँडपुढे ती ऐकूच जायची नाही.

त्या वर्षीची माझी पोरगी म्हणजे कुसुम. पारशिवनीकडच्या एका खेड्यातली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. उंच नव्हती. पण तिच्या पळण्यात काहीतरी होतं. बाकीच्या पोरी दमल्या की त्यांचा चेहरा आधी सांगायचा, मग पाय. कुसुमचं काहीच सांगायचं नाही. सक्करदऱ्याच्या तलावाभोवती मी त्यांना पळवायची, बाकीच्या काठावर बसून भाजलेले हरभऱ्याचे घाटे सोलत असायच्या आणि ही अजून एक फेरी मारून यायची. चेंडू हातात आला की आधी डावीकडे बघायची, उजवीकडे पास द्यायची, आणि तो पास जिथे जायचा तिथे आपली पोरगी पोचलेली असायची. हे मी शिकवलेलं नव्हतं. हे शिकवता येत नाही.

बोलायची कमी. एकदाच मला म्हणाली होती, "मॅडम, युनिव्हर्सिटीच्या टीमात नाव लागलं की नोकरी भेटते म्हणतात. खरं आहे?" मी म्हटलं, खरं आहे, माझ्या दोन जुन्या पोरी सरकारी ऑफिसात आहेत, खेळाच्या जागेवर. त्यानंतर ती सरावाला सगळ्यांच्या आधी येऊन कोर्ट झाडून ठेवायला लागली.

दिवाळीच्या सुट्टीत मी एसटीनं तिच्या गावी गेले. असं मी कधी केलं नव्हतं. तिचा बाप कापसाच्या ढिगाजवळ बसला होता. सुताराच्या पट्टीसारखा सरळ माणूस, पांढरी टोपी, बोलण्याआधी थांबायची सवय. त्यानं खाट टाकली, तिच्या आईनं गुळाचा चहा आणला.

"बसा जी मॅडम. पोरीनं काही केलं काय?"

मी म्हटलं, केलं नाही, करणार आहे. आणि सगळं सांगितलं. हा हिवाळा जाऊ द्या, मग सिंहस्थच आहे, मग ती युनिव्हर्सिटीकडून खेळेल, नोकरी लागेल. तुमच्या धाकट्या दोघींना तिच्याच पगारातून शिकवता येईल. हे शेवटचं मी मुद्दाम बोलले.

तो बराच वेळ कापसातल्या काड्या वेचत राहिला. मग म्हणाला, "लोकं येऊन राहिले मॅडम. मागच्या आठवड्यात दोन ठिकाणचे येऊन गेले. सिंहस्थाचा धाक आहे सगळ्यायले."

"म्हणून तर आले मी."

"बरं." तो म्हणाला. "म्या शब्द देतो. या हिवाळ्यात पोरगी कोणाले दाखवत नाही. उंबऱ्याच्या आत कोणी पाहुना येनार नाही पाह्याले. झालं?"

झालं म्हटलं मी. अशा माणसाचा शब्द स्टँपपेपरपेक्षा पक्का असतो. कुसुम मागच्या दारात उभी होती, तिचा चेहरा मला दिसला नाही. येताना एसटीच्या खिडकीतून तुरीची पिवळी शेतं बघत मी चक्क गुणगुणत होते. त्या हिवाळ्यातला माझा आनंदाचा दिवस तेवढाच.

आमचे पहिले सामने कॉलेजच्या कोर्टावर झाले, कनातीच्या आत. सगळे जिंकलो. उपांत्य सामना मात्र युनिव्हर्सिटीच्या मैदानावर होता. तिथे कनात नव्हती. उघडं सिमेंटचं कोर्ट, चारी बाजूंनी पायऱ्या, कोणीही या आणि बसा. पोरी आधी बावरल्या. मी म्हटलं, बघू द्या लोकांना, तुम्ही काही चोरी करून नाही राहिल्या. खरं सांगते, मला ते आवडलं होतं. इतकी वर्षं माझ्या पोरींचा खेळ त्या लाल-पिवळ्या कापडाआड वाया गेला होता. त्या दिवशी कुसुम जी खेळली तशी ती कधी खेळली नव्हती. उन्हात तिची सावली सिमेंटवर तिच्या मागे पळत होती आणि तिला गाठत नव्हती. शेवटी शेवटी पायऱ्यांवरचे लोक नुसते तिच्यासाठी टाळ्या वाजवत होते.

सामना संपल्यावर एक बाई माझ्याकडे आल्या. पन्नाशीच्या, धडधाकट, नऊवारी, हातात भरून बांगड्या. सावनेरकडच्या मोठ्या शेतकऱ्याच्या घरच्या. त्यांची भाची समोरच्या टीमकडून खेळत होती, तिला बघायला म्हणून आल्या होत्या. मला वाटलं भाची हरली म्हणून रागावल्या असतील.

"ते नंबर सातची पोरगी कोन वं? कोन्या गावची?"

मी सांगितलं. कौतुकानं सांगितलं. नाव, गाव, बापाचं नाव, स्वभाव कसा चांगला आहे तेही.

"दमतच नाही बाप्पा," त्या म्हणाल्या. "इतकी पळाली, पन तोंडाले फेस नाही. अशी पोरगी आमच्या घरात पाह्यजे. खटलं मोठं आहे आमचं, घरात लय मानसं."

बैलबाजारात माणसं असंच बोलतात, हे घरी पोचल्यावर माझ्या लक्षात आलं.

चार-पाच दिवसांनी कुसुमचा बाप कॉलेजात आला. खेळाच्या खोलीत येऊन दारातच उभा राहिला. बसा म्हटलं तर बसला नाही. सगळं सांगितलं त्यानं, खाली बघत. मुलगा ओव्हरसियर आहे, घरी चाळीस एकर, विहिरी, संत्र्याचा बगीचा. हुंडा नको म्हणतात. पोरगी अन् नारळ द्या म्हणतात. पौष लागायच्या आत साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आणि लग्न दोन्ही उरकायचं म्हणतात.

माझा आवाज चढला. "तुम्ही शब्द दिला होता."

तो मान वर करून म्हणाला, "म्या शब्द पाळला मॅडम. म्या कोणाले दाखवली नाही पोरगी. माह्या उंबऱ्यात कोणी आलं नाही. पोरगी पाह्यन्याचा कार्यक्रम तर तुमच्या मैदानावर झाला."

तो चिडून बोलला नव्हता, टोमणाही मारला नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि मला दाखवायला काही जागा नव्हती की ते तसं नाही.

"अशा ठिकानाले नाही म्हनाले मले तोंड नाही जी," तो म्हणाला. "मांगं दोघी आहेत. अन् लोक चांगले आहेत. ते माय पोरीवर लय खूश आहे. फायनलले येतो म्हनते घरच्या बायायले घेऊन, एकदा सगळ्यायनं पाहून घेतलं की साक्षगंध." जाताना दाराशी थांबला. "फायनल खेळू देतो मी तिले. तेवढं रोखत नाही." मला त्या माणसाचा राग धरता येईना, त्यामुळे जास्तच त्रास झाला.

पुढच्या वर्षी, सिंहस्थात, आम्ही विजेतेपद मिळवलं. कॉलेजच्या इतिहासातलं पहिलं. त्या टीमचा फोटो प्राचार्यांच्या खोलीत लागला, मी मध्ये खुर्चीवर, मांडीवर कप. माझ्या निरोपसमारंभात सगळे त्या कपाबद्दलच बोलले. जुन्या पोरी भेटतात त्याही त्याच वर्षाच्या गोष्टी काढतात. कोणी किती बास्केट केले, परतताना गाडीत काय गाणी म्हटली. मी हो हो करते. मला त्यातलं फारसं आठवत नाही. फोटोत नाव नसलेली एकच पोरगी मला आठवते, आणि आठवतो त्याआधीचा हिवाळा. तशी माझी कारकीर्द विचाराल तर लोकांच्या हिशेबात चांगलीच झाली. मुरमाचं कोर्ट सिमेंटचं झालं, कनात गेली, ऐंशीच्या पुढे पोरी हाफपँट घालून खेळू लागल्या आणि कोणी चूं केलं नाही. लग्नं उशिरा होऊ लागली. पंचांग कोणी बघेनासं झालं. सगळं सुधारलं, पण माझ्या मनाला त्याचा काही उपयोग झाला नाही.

कुसुमच्या फायनलचा दिवस ढगाळ होता. हिवाळ्यात नागपुरात असे एक-दोन दिवस येतात, ऊन नाही, पाऊस नाही, नुसतं मळकट आभाळ आणि हाडात शिरणारा गारठा. युनिव्हर्सिटीचं तेच मैदान. एका बाजूला टेबलामागे युनिव्हर्सिटी टीमच्या निवड समितीचे तिघे बसले होते, कोट-मफलर घालून. दुसऱ्या बाजूला, अगदी त्यांच्या समोर, पहिल्या पायरीवर सावनेरच्या त्या बाई आणि घरच्या आणखी दोघी. त्यांच्यापासून थोडा दूर, कुसुमचा बाप, टोपी गुडघ्यावर काढून ठेवलेली.

शिट्टी झाली आणि मला काही कळेनासं झालं. कुसुम पळत नव्हती. पास उशिरा देत होती, चेंडू हातातून सोडत होती. एकदा मध्येच उभी राहून कमरेवर हात ठेवून वाकली आणि खोकली. बाकीच्या पोरी गोंधळल्या. त्यांना सवय होती की चेंडू कुसुमकडे गेला की आपण पुढे पळायचं, तर त्या पुढे पळायच्या आणि चेंडू यायचाच नाही. मग एकदा ती पडली. उठली ती डावा पाय ओढत. आम्ही दहा-बारा गुणांनी मागे गेलो.

हाफटाइमला मी तिला बाजूला घेतलं. पाण्याच्या माठाजवळ.

"पाय मुरगळला का?"

"नाही."

"मग?"

ती पाणी प्यायली. खालमानेनं म्हणाली, "मॅडम, मले बाहेर काढू नका."

"अगं पण झालं काय तुला? ते तिघं बघून राहिले. आज तुझी निवड आहे."

"त्या पण तर बघून राहिल्या," ती म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पायरीकडे पाहिलं. तिघी बायका डोक्याला डोकं लावून बोलत होत्या.

"त्यायले न दमनारी पोरगी पाह्यजे," कुसुम म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "दमते, खोकलते, पाय कमजोर आहे, असं दिसलं तर नाही म्हनतीन. बाबा नाही म्हनू शकत नाहीत, त्या बायायले तरी म्हनू द्या. एवढं मोडलं की सिंहस्थ आहे मॅडम. मग वर्षभर कोणी येत नाही. तुम्हीच सांगतलं होतं घरी येऊन. पुढच्या वर्षी मी दाखवतो न त्या तिघांले."

विचार तिनं पक्का केला होता. चेंडू देताना करायची तसाच, डावीकडे बघून उजवीकडे. एका बाजूला तिची नोकरी बसली होती, दुसऱ्या बाजूला तिचं लग्न, आणि दोघांना दाखवायला तिच्याकडे एकच खेळ होता. चांगली खेळली तर सासर पक्कं आणि निवड फुकट. वाईट खेळली तर निवड गेली, पण वर्ष हातात. तिनं वर्ष मागितलं.

बाकीच्या चार पोरी आमच्याकडे बघत होत्या. त्यांनीही जुलैपासून घाम गाळला होता. त्यांचा कप होता तो. कोणत्याही शहाण्या कोचनं तिला बाहेर बसवून राखीव पोरगी उतरवली असती. मी नाही बसवलं. मी चौघींना म्हटलं, कुसुमचा पाय दुखतोय, सांभाळून घ्या. आजही तसंच करीन. खेळाच्या नावानं ज्यांना माझ्याशी भांडायचं असेल त्यांनी घरी यावं, चहा पाजते आणि भांडते.

दुसऱ्या अर्ध्यात ती अजून वाईट खेळली. पोरगी जीव तोडून खोटं लंगडली. मी आयुष्यात पुष्कळ खेळ पाहिले, पण इतकी मेहनत करून वाईट खेळलेली दुसरी पोरगी पाहिली नाही. एकदा चेंडू अगदी तिच्या हातात आला, रिंगच्या खाली, कोणी अडवायला नव्हतं. तिची मान वर झाली. मला दिसलं, तिचे खांदे आपोआप उचलले गेले. तिनं डोळे मिटले आणि चेंडू खाली टाकला. मी तोंड फिरवलं. टेबलामागच्या तिघांपैकी एक जण दुसऱ्याच्या कानात काही बोलला आणि दोघे हसले.

हरलो आम्ही. किती गुणांनी ते सांगत नाही.

समोरची टीम नाचत होती. निवड समितीवाले खुर्च्या सरकवून उठले. कुसुम कोर्टाच्या कडेला सिमेंटवरच बसली होती, डावा पाय पुढे लांब करून, सोंग शेवटपर्यंत न सोडता. मी बघत होते ते फक्त पायरीकडे. घरच्या दोघी बायका तोंड वाकडं करून बोलत होत्या, एक तर हातवारे करून नको नको म्हणत होती. मनात म्हटलं, म्हण, अजून म्हण. मी त्या क्षणी देवाला, गुरूला, त्या पंचांगातल्या सगळ्या ग्रहांना हात जोडले असते.

त्या बाई उठल्या. दोघींना मागे सोडून कोर्टावर चालत आल्या. वहाणा कडेला काढल्या, देवळात काढतात तशा. कुसुमच्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि मग गुडघे धरत खाली बसल्या, तिच्याएवढ्या, सिमेंटवर. कुसुमनं पाय मागे घ्यायचा प्रयत्न केला. त्यांनी घोटा धरला आणि तो पाय आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"दुखते का वं माय? कुठं, इथं?"

त्या दोन्ही अंगठ्यांनी घोटा दाबू लागल्या. मांडीवरचं लुगडं धुळीनं भरलं, त्यांनी तिकडे पाहिलं नाही. मागच्या दोघींपैकी एक जवळ येऊन हळूच म्हणाली, "वहिनी, पोरगी नाजूक दिसते. पाहून घ्या, आपलं खटलं मोठं."

"चूप राह्य," त्या म्हणाल्या. "दुखत्या पायानं शेवटलोक खेळली. बसली नाही. पाह्यलं नाही का तुम्ही?" आणि कुसुमच्या गालावरून हात फिरवला. "मले मायेचं कोनी नाही पोरी, तिन्ही पोरंच आहेत. आता नाही पळा लागत तुले. झालं तुहं पळनं."

कुसुमचा बाप पायरीवरून उठून आला होता. टोपी हातात धरून उभा होता आणि त्याचे डोळे भरले होते, आनंदानं. माझ्याकडे बघून म्हणाला, "पाहा मॅडम, कसे लोक भेटले."

कुसुमनं माझ्याकडे पाहिलं. तिचा दुखत नसलेला पाय त्या बाईच्या मांडीवर होता आणि त्या तो चोळत होत्या, सावकाश, जीव लावून.